दोन ॲरे, पाच-पाच आकडे

रविवार, अठरा तारीख. रक्कम सातशे रुपये, बायकोच्या प्रोग्रामिंगच्या फेरपरीक्षेची फी, आधीच भरलेली. हजर: मी, बायको आणि तिच्या बहिणीकडून मागून आणलेला लॅपटॉप.

बायको वसईतल्या एका शाळेच्या ऑफिसात कंत्राटी कारकून आहे. कायम व्हायचं तर हा कोर्स पास हवा. सोमवारी जर्नलवर कोर्सच्या बाईंची सही झाली नाही, तर परीक्षेला बसू देणार नव्हते. एकच प्रोग्राम उरला होता: C मध्ये दोन ॲरे सारखे आहेत का ते तपासणे. ॲरे म्हणजे एका नावाखाली ओळीने ठेवलेले आकडे. मी सातिवलीच्या एका कारखान्यात बावीस वर्षं स्टोअर सांभाळतोय. चलनावरचे आकडे आणि आलेला माल ताडून पाहणं हेच माझं काम. म्हणून खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो. बसायला नको होतं.

तिने लिहिलं होतं, a == b असेल तर 'सारखे', नाही तर 'वेगळे'. दोन्हीकडे तेच पाच आकडे, त्याच क्रमाने. उत्तर आलं, वेगळे. मी कागदावर एकेका आकड्यापुढे खूण करून पाहिलं. सारखेच होते. प्रोग्राम पुन्हा चालवला. वेगळे. पुन्हा.

"अहो, किती वेळा तेच बटण दाबाल? लिफ्ट आहे का ती?"

शेवटी तिने कोर्समधल्या मैत्रिणीला फोन लावला. मैत्रीण म्हणाली, असं लिहिलं की आकडे बघितलेच जात नाहीत. दोन्ही ॲरे मेमरीत कुठे ठेवलेत ते पत्ते ताडले जातात. पत्ते दोन, म्हणून वेगळे. मला संतापच आला. दोन खोक्यांत तोच माल आहे का विचारावं, तर हा खोकी कुठल्या फळीवर आहेत ते सांगतोय!

"एकेक आकडा तपासू," मी म्हणालो. "आधी नग मोज. इकडे पाच, तिकडे पाच. आता आकडा जुळला तर शेरा 'सारखे', नाही जुळला तर शेरा 'वेगळे', आणि पुढच्या आकड्यावर जा."

तिने तसं लिहिलं. उत्तर आलं, सारखे. मी पेन ड्राइव्ह घेतला, खाली झेरॉक्सवाल्याकडे जाऊन दोन पानं छापून आणली. वर येतो तर ही हाताची घडी घालून बसलेली.

"मी तिसरा आकडा बदललाय. इकडे बारा, तिकडे तेरा. तरी तुमचा प्रोग्राम सारखेच म्हणतोय."

"माझा कसा?"

"मग सांगितला कोणी? शेजाऱ्यांनी?"

मी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. तिसऱ्या आकड्याला शेरा 'वेगळे'. चौथ्याला 'सारखे'. पाचव्याला 'सारखे'. प्रत्येक नवा शेरा आधीचा पुसत होता. शेवटचा आकडा जुळला की मागचं सगळं माफ.

"स्टोअरात असंच करता? मधलं खोकं फुटकं निघालं तरी शेवटचं धड आहे म्हणून सही ठोकता?"

"स्टोअरात पहिला फरक दिसला की मी तिथेच गाडी थांबवतो," मी चिडून म्हणालो.

"मग इथे 'पुढे जा' कशाला सांगितलंत?"

मी छापलेली पानं उलटी करून ठेवली. तिने मला न विचारता बदल केला: सुरुवातीला शेरा 'सारखे', पहिला फरक सापडला की 'वेगळे' आणि तिथेच थांब. मग पहिला आकडा बिघडवून पाहिला, मधला बिघडवून पाहिला, शेवटचा बिघडवून पाहिला. तिन्ही वेळा उत्तर बरोबर आलं. मागच्या वेळेसारखं घाईने "झालं, छाप" म्हणायची तिने मला संधीच दिली नाही. पेन ड्राइव्ह घेऊन स्वतःच खाली गेली.

सोमवारी बाईंनी सही केली. परीक्षेला बसायची परवानगी मिळाली, फी पुन्हा भरावी लागली नाही. झेरॉक्सवाल्याला मात्र एकूण वीस रुपये गेले: बरोबर पानांचे दहा तिने दिले, चुकीच्या पानांचे दहा मी.