उंबरठा नसलेलं घर

ताज्या ऑइलपेंटचा वास आला की मला काकांच्या कोसाडच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांती आठवते. आजीच्या आजारपणावरून पप्पांचं नि काकांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि ‘तुझ्या घराचा उंबरठा ओलांडणार नाही’ अशी पप्पांनी देवासमोर शपथ घेतली होती. त्या सकाळी आम्ही सगळे गेलो, पण पप्पा बिल्डिंगखालीच थांबले. जिन्यात ओल्या रंगाचा वास होता, वरून होमाचा धूर येत होता. माझी ताई तेव्हा जादूगारांच्या, मायावी राज्यांच्या कादंबऱ्यांत बुडालेली असायची. त्यांत शपथ मोडणाऱ्याचा दगड व्हायचा, पण शपथेच्या शब्दांत कुठेतरी पळवाट सापडायचीच. वर जाऊन ती लगेच खाली परतली. “पप्पा, शपथ उंबरठ्याचीच होती ना? मग चला. बिल्डरने दाराला उंबरठा बसवलेलाच नाही.” “हे तुझ्या पुस्तकातलं का गं?” “हो. तिथे शब्द पाळला की शपथ पाळली.” पप्पा जिना चढले, दारात वाकून त्यांनी सपाट फरशीवरून हात फिरवला आणि आत पाऊल टाकलं. होमासमोर बसलेल्या काकांचे डोळे भरून आले. “दादा, बस ना,” एवढंच ते म्हणाले. आज मी पप्पांच्या तेव्हाच्या वयाची आहे, आणि मला वाटतं, त्यांना खरंच वर जायचं नसतं, तर त्या दिवशी ते घरीच राहिले असते.