आजीबाईंचा पदर

"आवं, जरा तरास देतो हां," असं म्हणून मामा आधी प्रेताच्या पावलाला हात लावायचे आणि मगच वरची चादर काढायचे. नव्वदच्या दशकात आम्ही सांगलीत डॉक्टरकी शिकत होतो, तेव्हा शवविच्छेदनाच्या हॉलचे ते शिपाई होते. मूळचे तासगावकडचे. मेलेल्यांना आवं-जावं आणि आम्हा जिवंतांना अरे-तुरे, असा त्यांचा रिवाज. कुणी तक्रार केली तर म्हणायचे, "त्यांचं समदं शिकून झालंय. तुमचं हाय अजून."

प्रत्येक टेबलाखाली झाकणाचा एक डबा असे, त्यावर टेबलाचा नंबर. कापताना निघालेला बारीकसा तुकडाही त्याच डब्यात टाकायचा. वर्ष संपलं की तो डबा त्याच देहाबरोबर निरोपाला जाई. "ज्याचं त्याच्यासंगं," मामा बजावत. या बाबतीत त्यांनी प्राध्यापकांनाही सोडलं नव्हतं.

मी शरीररचनेत एकदा नापास झाले होते. परत झालीस तर सामान बांधून म्हसवडला यायचं, असं वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं. मला बुडवलं होतं पोटाच्या अस्तरानं, म्हणजे पेरिटोनियमनं. एकच पातळ पडदा, पोटाच्या भिंतीला आतून लागलेला, आणि तोच उलटून जठर, यकृत, आतड्यांवर चढलेला. "या पडद्याच्या पिशवीच्या आत काय काय असतं?" असं परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विचारलं होतं. मी एकेका अवयवाचं नाव घेत गेले आणि ते शांतपणे मान हलवत राहिले. मला वाटलं, खूश आहेत.

दुसऱ्या वर्षी आमच्या सातव्या टेबलावर एक म्हातारी बाई होती. पोट उघडलं की आतड्यांवर चरबीची एक झालर पसरलेली दिसते. ती हळूच वर उचलायची असते. मला घाई झालेली. मी ती ओढून फाडली, आणि नुसती चरबी तर आहे म्हणून हाताशी आलेल्या सहाव्या टेबलाच्या डब्यात टाकून दिली.

मामा कुठून बघत होते कोण जाणे.

"काय केलंस गं हे? आजीबाईंचा पदर फाडलास, वर दुसऱ्याच्या डब्यात टाकलास?"

"पदर कसला मामा, चरबी आहे ती."

"पोटात कुठं पिकलं, फुटलं, की ह्योच पदर तितं जातो आन गुंडाळून घेतो. रोग पसरू देत न्हाई. मोठं डाक्टर सांगत्यात, मी वीस वर्सं ऐकतोय. तू कवा ऐकनार?"

मला रडूच फुटलं. म्हटलं, यंदाही काही खरं नाही, म्हसवडची एसटी ठरलेलीच. मामांनी तो तुकडा शोधून सातव्या डब्यात माझ्याच हातानं ठेवायला लावला. मग आपली जेवणाची कापडी पिशवी रिकामी करून आणली, तिचं तोंड दोरीनं बांधलं आणि दोन्ही हातांत धरली.

"मूठ कर. आता बाहेरनं दाब. हात पिशवीच्या आत गेला का?"

"नाही."

"पन पिशवी हातावर चढली का न्हाई?"

"चढली."

"झालं तर मग. आतडी अशी बाहेरनं घुसल्यात. मूत्रपिंडं बिचारी माघं भिताडाला टेकून, त्यांच्यावर नुसता म्होरनं पडदा. पिशवीच्या आत कुनीच न्हाई."

वर्षभर पुस्तकाशी झटून जे कळलं नव्हतं, ते त्या भाकरीचा वास येणाऱ्या पिशवीत कळलं. पुढे महिनाभर मामा माझ्या मागे उभे. सुरी उचलली की "बोट वापर" आणि बोट रेटलं की "फाडायचं न्हाई, सोडवायचं."

परीक्षेला परीक्षक तेच, प्रश्नही तोच.

"पिशवीच्या आत अवयव एकही नाही, सर. जरासा ओलावा असतो."

पास झाले. निकालाच्या दिवशी हॉलच्या दारातच मामांनी हात पुढे केला. "आवं डाक्टर, पेढं कुटं हाईत?"

"आवं काय मामा? मी जिवंत आहे अजून!" म्हटलं खरं, पण डोळे भरून आले होते.

देहदानाचं विचारलं की मात्र ते कानाला हात लावत. "मी न्हाई बाबा. तुमी कसं फाडताय त्ये रोज बगतोय की."

पुढे मी साताऱ्यात सर्जन झाले. एकदा एका बाईचं अपेंडिक्स फुटलेलं, आणि बघते तर पदरानं ते घट्ट गुंडाळून धरलेलं. ओढावंसं वाटलं, पण बोटानं हळूहळू सोडवलं. बाई वाचली. हे मामांना सांगायला सांगलीला जायचं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले, आणि त्यांच्या मुलीचाच फोन आला.

पोचले तेव्हा हॉलच्या व्हरांड्यात बुद्धवंदना संपत आली होती. देहदानाचा अर्ज त्यांनी निवृत्तीच्या दिवशीच भरला होता, घरी कुणाला न विचारता. "बाबा म्हनले, पोरांस्नी येवडं सांगा, फाडायचं न्हाई," मुलगी म्हणाली.

आत त्यांना टेबलावर ठेवलं होतं. मी वाकून खालच्या डब्याचा नंबर टेबलाशी ताडून पाहिला. झाकण उघडून बघितलं, आत दुसऱ्या कुणाचं काही नव्हतं. मग पावलांना हात लावला.

"आवं मामा," मी म्हटलं, "पोरं जरा तरास देतील हां."