मुदतवाढ

सेक्टर बावीसच्या बाजारात, एका जिन्याखालच्या जागेत ती मशीनवर स्वेटर विणायची. चाळिशीची पंजाबी बाई, वेणीत पेन्सिल खोचलेली. गिऱ्हाईक आलं तरी हातातली ओळ पुरी झाल्याशिवाय मान वर करायची नाही. तिचं नाव मी कधी विचारलंच नाही.

मी तेव्हा सेक्टर सतराच्या एका कचेरीत टायपिस्ट होते, हंगामी. डोक्यावर पंखा, वेळेवर चहा, बेताचं काम. फक्त दर सहा महिन्यांनी मुदतवाढीचा अर्ज घेऊन साहेबांपुढे उभं राहायचं, आणि साहेब तो मुद्दाम चार दिवस टेबलावर पडू देत. सोडून घरीच टायपिंगचा क्लास काढावा असं फार वाटे, पण धीर होत नव्हता.

स्वेटरचं माप देताना मी हे तिच्याजवळ बोलून गेले.

"मीही सात वर्षं अशीच होते, बहनजी," ती म्हणाली. "मग एक दिवस साहेबांना सांगितलं, रहने दीजिए."

"भीती नाही वाटली?"

"भीती तिथंही होतीच, जी. पण तिथं भिऊन वर हातही जोडावे लागायचे. इथं नुसतं भ्यायचं."

आणि तिनं माझ्या बाहीचं माप पुन्हा घेतलं. आधीचं चुकलं होतं.

त्या खेपेला मुदत संपत आली तेव्हा साहेबांनीच बोलावून विचारलं, "इस बार अर्ज़ी नहीं आई?"

"नहीं आएगी, सर," मी म्हटलं.

पुढच्याच महिन्यात आमच्या बाहेरच्या खोलीत दोन मुली टाइपरायटरवर 'ए एस डी एफ' बडवायला बसल्या.