फळ्याचा उजवा कोपरा

अलीगंजमधील आमच्या वसाहतीच्या बागेला लोखंडी फाटक होते आणि फाटकालगतच्या भिंतीवर एक काळा फळा. संस्कृतच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर, एकोणीसशे नव्वदच्या सुमारास, त्यावर रोज तिथी लिहिण्याचे व्रत मी घेतले. संध्या आटोपली की खडू कपाळाला लावून लिहीत असे. लिहिणे हीही पूजाच, असे मला वाटे, अजूनही वाटते.

पहिल्याच शरदात माझ्या हातून चूक झाली. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मी सवयीने ‘आश्विन वद्य प्रतिपदा’ लिहिले. उत्तरेत पौर्णिमेनंतर महिना पालटतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण हाताला साताऱ्याचे वळण. दुपारी समोरच्या घरातले निवृत्त गणितशिक्षक काठी टेकीत आले. त्यांना सगळे मास्टरसाहब म्हणत. पाच वेळा नमाज पढणारा मनुष्य, पण पंचांगाचे गणित मुखोद्गत.

“गुस्ताखी माफ, पंडितजी,” ते म्हणाले, “यहाँ कार्तिक लग चुका है। तीन दिन में करवाचौथ है, और आपका बोर्ड पढ़कर सारी बहुएँ निश्चिंत बैठी हैं कि अभी महीना भर बाकी है।”

मी लगेच पुसून नीट लिहिले आणि खडूचा एक तुकडा त्यांच्या हाती ठेवला. तेव्हापासून फळ्याचा उजवा कोपरा त्यांचा झाला. तिथे ते चंद्राची तारीख लिहीत, रमजानात रोजा सोडण्याची वेळ. एकच चंद्र, दोघांचे दोन हिशेब. शेजारी शेजारी नांदत.

पुढे एका हिवाळ्यात वर्तमानपत्रांतून ‘कर्फ्यू’ हा शब्द वारंवार येऊ लागला. त्याच सुमारास एका सकाळी उजवा कोपरा पुसलेला दिसला. दव पडले असावे, असे मी मनाशी म्हटले. दुसऱ्या दिवशीही पुसलेला होता, आणि कोरड्या फळ्यावर तळहाताचा फराटा स्पष्ट होता. मास्टरसाहबांनी पुन्हा लिहिले. तिसऱ्या दिवशी ते आले नाहीत.

त्या आठवड्यात वसाहतीच्या समितीचे सचिव घरी आले. “पंडितजी, एक सूचना आपके हाथ से लिखवानी है। आपका लिखा लोग मानते हैं।” सूचना एका ओळीची होती: रविवारी सायंकाळी प्रत्येक घराने दारात दीप लावावा.

आतून आमची मंडळी म्हणाली, “अहो, कशाकरता, ते तरी विचारा.”

मी विचारले नाही. दीप लावण्यात अशुभ ते काय, असा माझा विचार. वळणदार अक्षरात मी ती ओळ लिहिली. ओळ लांबली, म्हणून ती उजव्या कोपऱ्यातही गेली.

रविवारी तिन्हीसांजेला सारी गल्ली उजळली. चार-पाच तरुण हातात वही घेऊन एकेका दारापुढून चालत गेले. समोरचे दार अंधारात होते.

सोमवारी माझ्या ओळीखाली परक्या हस्ताक्षरात तीन घरांचे क्रमांक लिहिलेले होते. नुसते क्रमांक, बाकी एक अक्षर नाही. दुपारपर्यंत त्यांतले दोन पुसले गेले: एका घरी सुतक होते, दुसरे कुटुंब चिनहटला लेकीकडे गेले होते, त्यांनी तसे सांगितले. तिसरा राहिला. फडके माझ्या हातात होते. सचिव बाकावर ऊन खात बसले होते. मी वर तिथी लिहिली आणि परत फिरलो.

संध्याकाळी मी मास्टरसाहबांकडे गेलो. त्यांनी दार अर्धेच उघडले. मागे दोरीने बांधलेली ट्रंक दिसत होती.

“एक दिया रख देते, मास्टरसाहब,” मी म्हणालो.

“रख देता, पंडितजी। दिवाली पर रखता ही हूँ। मगर अपनी ख़ुशी से।” दाराची कडी धरून ते म्हणाले, “नंबर किसने लिखे, मालूम नहीं। ऊपर की लिखावट पहचानता हूँ। उसे देखकर तो हम इत्मीनान से सोया करते थे।”

त्यांच्या स्वरात राग नव्हता.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी मी सारा फळा ओल्या फडक्याने पुसला. ती ओळ, तो क्रमांक, सर्व. सचिव फाटकात उभे राहून पाहत होते. मी डावीकडे तिथी लिहिली. मग उजव्या कोपऱ्यात चंद्राची तारीख, माझ्या अंदाजाने. एका दिवसाने चुकली असणार, हे मला ठाऊक होते. त्यांचा महिना चंद्रकोर डोळ्यांना दिसल्यावाचून लागत नाही, आणि ती कधी दिसली, हे मी त्यांना विचारले नव्हते. चूक दिसली की काठी टेकीत ते दुरुस्त करायला येतील, एवढीच आशा होती.

मी बाकावर बसून राहिलो. दहाच्या सुमारास ऊन समोरच्या दारावर पोहोचले, तेव्हा कडीला लावलेले कुलूप दिसले.

ती तारीख कोणी पुसली नाही. चुकीचीच राहिली.