जमिनीवर ठेवलेला फिंजान

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळपासून स्वयंपाकघराची वरची कपाटं रिकामी करत होते. घरी आता पेपर येत नाही, म्हणून सुपरमार्केटच्या ऑफरचे रंगीत कागद महिनाभर जमवून ठेवले होते. एकेक बशी त्यात गुंडाळायची आणि खोक्यात उभी लावायची. बशा आडव्या लावल्या की फुटतात, हे पाच घरं बदलल्यावर कळलं. हे सहावं.

नवऱ्याची कंपनी अबू धाबीतलं ऑफिस बंद करून रियाधला चालली होती. त्याला तिकडे बोलावलं होतं, पण एकट्याला, कंपनीच्या क्वार्टरमध्ये, आणि तो पुढे गेलाही होता. अल रीम बेटावरचा हा फ्लॅट एका पगारात परवडणार नव्हता. माझी नोकरी इथेच आहे आणि व्हिसा माझ्या स्वतःच्या नावावर. त्यामुळे मी मुसफ्फाहच्या बाजूला दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर शेअरिंगमध्ये खोली घेतली होती. एवढं सगळं जमून आलं होतं. प्रश्न सासऱ्यांचा होता.

सासरे, म्हणजे पप्पा, मुलाच्या व्हिसावर. महिनाअखेर मुलाचा व्हिसा रद्द होणार, आणि इथला नियम असा की आधी आश्रितांचा रद्द करायचा, मग मुख्य माणसाचा. टायपिंग सेंटरमधला, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या दुकानातला, मल्याळी माणूस आमचे सगळे कागद वर्षानुवर्षं करतो. त्याला विचारलं, सून सासऱ्याला स्पॉन्सर करू शकते का? त्याने माझा पगार विचारला, नातं विचारलं आणि मान हलवली. रिटायरमेंट व्हिसा म्हणून एक असतो, त्यात बसण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं. निघताना बरोबर आलेल्या पप्पांनी त्याला सांगितलं, मी इथल्या लष्करात होतो. त्याने आदराने वर बघितलं, पुन्हा स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "अंकल, सिस्टममें फादर का ऑप्शन है. सोल्जर का नहीं है."

पप्पा बावीस वर्षं इथल्या लष्कराच्या बँडमध्ये कॉर्नेट, बिगुलासारखं पितळी वाद्य, वाजवत होते. वसईहून विशीत आले. बँड म्हटलं तरी भरती सैनिक म्हणूनच होती. पहाटे कवायत, डोक्यावर टोपी, खांद्यावर पट्टी, नेमबाजीचा सराव. बरोबर बलुची होते, ओमानी होते, एकदोन गोवेकर होते. त्यातल्या काहींना पुढे इथला पासपोर्ट मिळाला असं ते सांगतात, काही आपापल्या देशात परतले. नोकरीत होते तोवर खिशात लष्कराचं ओळखपत्र असायचं आणि मुलगा बापाच्या व्हिसावर होता. नोकरी संपल्यावर उलटं झालं, बाप मुलाच्या व्हिसावर. युनिफॉर्म परत केला. कॉर्नेट स्वतःच्या पैशाने घेतलेला होता म्हणून राहिला.

वसईला घर आहे, नणंद शेजारीच राहते. सासूबाई तिथेच वारल्या. तिकडे त्यांना काहीही कमी पडलं नसतं, हे मी त्यांना चार वेळा सांगून झालं होतं. नवऱ्याने रियाधहून फोनवर तेच सांगितलं, जरा चढ्या आवाजात. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, बघू. मला वाटायचं, वयाचा हट्ट आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला खोली बदलायलाही नको वाटतं, देश कुठला बदलतो.

एकदा भाजी निवडताना त्यांनी खरं कारण सांगितलं. त्यांचे वडील गावच्या बँडमध्ये होते. लग्नाची वरात चर्चपासून मांडवापर्यंत हे लोक वाजवत आणायचे आणि मग मांडवाच्या कडेला उभे राहायचे. पंगती उठायच्या, बँडवाल्यांची पंगत सगळ्यांत शेवटी, तोवर सुकं संपलेलं असायचं आणि रस्सा उरलेला. पप्पाही पोरवयात तिथे उभे राहिले होते. "इथे मला कुणी बँडवाला म्हटलं नाही," ते म्हणाले, "सगळे अस्करी म्हणायचे." अस्करी म्हणजे सैनिक. तिकडे सुट्टीवर गेलं की पहिल्याच दिवशी कुणीतरी दारात येऊन विचारायचं, अमक्याच्या लग्नात दोन गाणी वाजवणार का? म्हातारपणी त्यांना ते नको होतं. मी शेंगा मोडत राहिले.

त्यांनीच मग तोडगा काढला. त्यांच्या वेळचा एक अधिकारी, तेव्हा कोवळा लेफ्टनंट होता, मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झाला होता आणि शहामाकडे राहत होता. आठवड्यातून एकदा संध्याकाळी त्याची मजलिस भरायची. मोठ्या माणसाच्या घरची ती बैठक. ओळखीचं कुणीही जाऊन बसावं, काही काम असेल तर सांगावं. पप्पा वर्षानुवर्षं ईदला जाऊन सलाम करून यायचे. आता काम घेऊन जायचं होतं. तो एक शब्द टाकेल, सैनिकाला हे लोक घालवत नाहीत, असं ते म्हणत होते. मला फारशी आशा नव्हती. पण नाही म्हणून आठवडाभर त्यांचं तोंड बघण्यापेक्षा गाडी काढणं सोपं होतं.

दुपारी खोकी चिकटपट्टीने बंद केली, त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री केला आणि निघालो. राष्ट्रीय दिनाची तयारी सुरू झाली होती, पुलापुलावर झेंडे लावले होते. गाडीत आम्ही तालीम केली. आधी तब्येत विचारायची, मग मुलाची नोकरी गेली नाही, बदलली आहे हे नीट सांगायचं, मग विनंती. त्यांना कमी ऐकू येतं, तेव्हा अडलं तर मी बोलायचं. "तू फार पटपट बोलतेस," ते म्हणाले, "इथे असं धाडकन मागत नाहीत." मी म्हटलं, बरं.

बायकांची बसायची जागा वेगळी होती. पण ऐकू येत नाही म्हटल्यावर मला त्यांच्या शेजारी बसू दिलं. लांबलचक खोली, भिंतीला लागून गाद्या, मधे गालिचा. गुडघे गेल्यामुळे अधिकारी एकटाच खुर्चीत होता. पप्पांना बघताच तो हात टेकून उठला.

"अरे बिगुल! अभी जिंदा है तुम?"

"साब का हुकूम नहीं आया," पप्पा म्हणाले. खोलीतले सगळे हसले.

जुन्या माणसांना इथे हिंदी छान येतं, त्यांच्या पद्धतीचं. अधिकाऱ्याने शेजारच्यांना सांगितलं की हा बिगुल वाजवायचा तेव्हा माझ्या घोड्याला रडू यायचं. कुणाची लग्नं झाली, कोण गेलं, कुणाचे गुडघे बदलले, असं बराच वेळ चाललं. मग कॉफीवाला आला. डाव्या हातात सुरई, उजव्या हातात एकात एक रचलेले बिनकानाचे छोटे पेले. फिंजान म्हणतात त्याला. माझ्या ऑफिसातही ही कॉफी असते, त्यामुळे रीत मला माहीत होती, निदान मला तसं वाटत होतं. घोटभरच ओततात. प्यायची, आणि बास झालं की पेला हलवून परत द्यायचा. मी प्यायले, हलवला, दिला.

पप्पांनी पेला घेतला आणि तोंडाला न लावता समोर गालिच्यावर ठेवला.

मला वाटलं, डॉक्टरांनी कॉफी कमी करायला सांगितली आहे म्हणून ठेवला असेल. पण मग घ्यायचाच कशाला? आमच्याकडे पाहुणा म्हणून गेल्यावर पुढ्यात आलेलं तसंच ठेवणं म्हणजे यजमानाचा अपमान. शिवाय गालिचा फिका होता, आणि पप्पांचा पाय पेल्यापासून वीतभर लांब. अधिकाऱ्याचंही लक्ष पेल्याकडे गेलं होतं. बोलता बोलता तो थांबला. मग कुणाकडेच न बघता तो सांगू लागला की आजकाल सगळं कॉम्प्युटरमध्ये असतं. पहले हम बोलता, हो जाता. आता माझ्या स्वतःच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या व्हिसाचंही काही करता आलं नाही. खोलीतलं बाकीचं बोलणं बंद पडलं. सगळे त्या पेल्याकडे बघतायत असं मला वाटायला लागलं आणि मी अवघडले.

"पप्पा, कॉफी घ्या," मी मराठीत हळू म्हटलं. "थंड होतेय. त्यांना वाईट वाटेल."

"थांब जरा, बाय."

"घोटभर तर आहे. घेऊन टाका ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग अधिकाऱ्याकडे बघितलं, तो खुर्चीच्या हातावर बोट चोळत होता. पप्पांनी पेला उचलला, एका घोटात रिकामा केला आणि कॉफीवाल्यासमोर हलवला.

खोलीत पुन्हा बोलणं सुरू झालं, आधीपेक्षा मोठ्याने. फळं आली. अधिकाऱ्याने विचारलं, काही काम होतं का? मला वाटलं, आता आमची तालीम सुरू.

"कुछ नहीं साब. सलाम करने आया था."

मी म्हणू लागले, "सर, इनका व्हिसा..." पप्पांनी माझं मनगट धरलं, जरा घट्टच.

"खलास, बाय."

निघताना अधिकारी काठी टेकत दारापर्यंत आला. शेजारच्यांचे चेहरे बघून कळलं की तो दारापर्यंत सहसा येत नाही. म्हणाला, "बिगुल, तुम हमारा आदमी है." पप्पा म्हणाले, "जी साब." त्यांनी खाडकन सलाम केला. अधिकाऱ्यानेही केला, काठी डाव्या हातात घेऊन. गाडीत खजुरांचा एवढा मोठा डबा आला की मागच्या सीटवर बसवायला लागला.

हायवेला लागल्यावर मी विचारलं, एवढ्या लांब येऊन विचारलं का नाही?

"विचारलं की. पेला खाली ठेवला ना."

मला कळलं नाही. मग त्यांनी समजावलं, जसं एखाद्या रंगरुटाला समजावतात. मागणं असेल तर पाहुणा कॉफी पीत नाही. पेला समोर ठेवतो. यजमानाला कळतं. तो म्हणतो, पी तुझी कॉफी, म्हणजे काम झालं समज. तो तसं म्हणेपर्यंत प्यायची नाही.

"आणि मी म्हटलं, घेऊन टाका."

"तू म्हटलंस."

"मग मला आधी सांगायचं ना, पप्पा! गाडीत एवढी बडबड केली आपण."

"मला वाटलं तुला माहीत असेल. एवढी वर्षं आहेस इथे." मग ते हसायला लागले. "जन्मात पहिल्यांदा सुनेचं ऐकलं, बघ काय झालं."

मला हसू येत नव्हतं. मी म्हटलं, गाडी वळवते, परत जाऊ, मी सांगते त्यांना की मला रीत माहीत नव्हती. पुढचा एक्झिट जवळच होता. मी इंडिकेटरही दिला.

"नको. बरं केलंस," ते म्हणाले. "त्याने पेला बघितला होता. बघून कॉम्प्युटरचं बोलायला लागला. म्हणजे त्याच्या हातात काही नाही. मी तसाच बसून राहिलो असतो, तर त्याला त्याच्याच घरात, सगळ्यांसमोर नाही म्हणावं लागलं असतं. तो माझा साहेब होता. साहेबाला असं कोंडीत धरत नाहीत. तू बोललीस, दोघंही सुटलो."

मी इंडिकेटर बंद केला.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय, बँड वाजला," ते म्हणाले. मग खिडकीकडे बघत, "दोन महिन्यांत कुणाच्यातरी लग्नात उभं करतील मला. बघशील तू."

घरी आल्यावर त्यांनी दोन खजूर खाल्ले आणि झोपायला गेले. मी उरलेल्या वाट्या गुंडाळल्या. नवऱ्याला फोन करून सांगितलं, काम झालं नाही. कॉफीचं सांगितलं नाही. त्याला अर्धा तास समजवायला लागला असता आणि माझ्यात तेवढं त्राण नव्हतं. तो म्हणाला, मी सांगतच होतो. मी म्हटलं, हो, तू सांगतच होतास.

सोमवारी सकाळी ऑफिसला जाण्याआधी टायपिंग सेंटरला गेले आणि पप्पांचा व्हिसा रद्द करायला दिला. मल्याळी माणसाने काही विचारलं नाही, नेहमीसारखा चहा मागवला. तो मी प्यायले. बाहेर गाडीत बसून वसईला नणंदेला फोन लावला. सांगितलं, मागची खोली झाडून घे. पंखा जुना आहे, नवीन लाव. संडासात भिंतीला धरायला दांडा बसव. खजूर येतायत, सगळ्यांना वाटून टाक. तिने विचारलं, अजून काही?

मी म्हटलं, "कुणी लग्नात वाजवायला बोलवायला आलं तर दारातूनच परत पाठव. सांग, ते सैन्यातून रिटायर होऊन आलेत."

ती म्हणाली, बँडमध्येच होते ना?

"सैन्यातून," मी म्हटलं. "तेवढंच सांगायचं." आणि गाडी सुरू केली, कारण उशीर झाला होता.