यज्ञेश्वररावांच्या अंगणातलं नावेचं इंजिन

मंदाकिनीबाईंची देवाची भांडी अर्धीच घासून झाली होती. समई लखलखत होती, तांब्याला चिंच लावून ठेवली होती, निरांजन अजून काळंच होतं. तेवढ्यात अंगणातून यजमानांची हाक आली, "मंदा! हा नाडा तूच बांधला होता ना?"

चिंचेच्या हातानंच त्या बाहेर आल्या. नावेचं जुनं इंजिन पोत्यावर आडवं पडलं होतं आणि यज्ञेश्वरराव त्याच्या पंख्याला नाक लावून बसले होते. खंडेनवमीला मंदाकिनीबाईंनी घरातल्या विळीला, त्यांच्या पान्यांना आणि या इंजिनालाही हळदकुंकू वाहिलं होतं. पंख्याच्या पात्याला लाल नाडा बांधला होता, सैलसर, एकाच गाठीचा. तो आता पात्यावर नव्हता. पंख्यामागच्या दांड्यावर, पार आत, घट्ट गुंडाळला गेला होता.

"नाड्यानं सील कापलं. हे पाहा." त्यांनी वाटी पुढे केली. गिअरच्या पेटीतलं ऑइल काळं निघायला हवं, ते ताकासारखं पांढरं झालं होतं. आत पाणी शिरलं होतं. "काहून पूजा करायची होती तुले याची? देव आहे का हा?"

"सायकलीची करते तवा नाही बोलत तुमी," त्या म्हणाल्या. मग थबकल्या. "पण हे फिरलं कधी?"

यज्ञेश्वररावांनी पंखा बोटानं फिरवून पाहिला. खंडेनवमीआधीच त्यांनी इंजिनाची कॉइल काढून भनपुरीच्या कारागिराकडे बांधायला दिली होती, म्हणजे ठिणगी पडणंच शक्य नव्हतं. खांदा धरला होता म्हणून सुरू करायची दोरीही ओढली नव्हती. इंजिन आपलं पाण्याच्या ड्रमात नुसतं उभं होतं.

रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीतून निवृत्त झाल्यावर त्यांना हा नाद लागला होता. राज्य नवं झालं, दफ्तरं इकडची तिकडे हलली, गोदामं रिकामी झाली, तेव्हा कुठल्याशा पूरपथकाचं मोडकं इंजिन त्यांना भंगारात दिसलं. ते त्यांनी घरी आणलं, त्यामागून आणखी आली. तात्यापारा मोहल्ल्यातले लोक हसत. "काकाजी, बूढ़ा तालाब में जहाज चलाओगे क्या?"

या कामात सुख थोडं आणि डोकेफोड फार. साहेबाच्या काळचे बोल्ट, इथला एक पाना त्यांना बसेल तर शपथ. रॉकेलमध्ये भिजवा, स्टोव्हवर तापवा, हलायचं नाव नाही. हललाच तर डोकं तुटून हातात येणार. गॅस्केट कॅलेंडरच्या पुठ्ठ्यातून कापायची, रिंगा स्कूटरच्या घासून बसवायच्या. मग एखाद्या सकाळी इंजिन खोकून धूर सोडायचं, यज्ञेश्वरराव "मंदा, चहा ठेव!" म्हणून ओरडायचे, आणि चहाला उकळी फुटेपर्यंत ते परत मेलेलं असायचं. जेवताना भाजीत मीठ नाही, हेही त्यांना मंदाकिनीबाईंनीच सांगावं लागे.

हे इंजिन दयारामचं. तो शंकर नगरला एका बंगल्यावर ड्रायव्हर होता, आईला घेऊन तिथल्याच क्वार्टरात राहायचा. त्याचे वडील भैय्यालाल राजिमकडे महानदीत नाव चालवत. एकदा नाव एकटीच काठाला लागलेली सापडली. इंजिन जागेवर, माणूस नाही. प्रेतही मिळालं नाही. आईनं चुडी उतरवली नाही आणि क्रियाकर्मही करू दिलं नाही. रोज दिवेलागणीला तिला त्याच्या इंजिनाचा आवाज ऐकू यायचा. गावात यायचा, तसा शंकर नगरलाही यायचा, जिथे नदी नाही.

"एक बार चालू कर दो, काकाजी," दयाराम म्हणाला होता. आईला तो दाई म्हणायचा. "दाई डोळ्यानं पाहील, मशीन इथं आहे. मग तरी मानेल. बाबूजींचं क्रियाकर्म करायचं राहून गेलं आहे."

यज्ञेश्वररावांनी चिमट्यानं नाडा ओढून काढला. त्याखाली आणखी एक दोरा होता, काळा, ग्रीसमध्ये मुरलेला. तो निघता निघेना. शेवटी निघाला तेव्हा त्यात एक भोकाचा पैसा ओवलेला दिसला. कमरेचा करदोटा होता तो.

यज्ञेश्वररावांनी चिमटा खाली ठेवला.

"फेकून देतो," यज्ञेश्वरराव हळूच म्हणाले. "पोट्ट्याले इंजिन पाहिजे, इंजिन देऊ. म्हातारीले काहून हे दाखवायचं?"

"तिचा माणूस आहे तो. आपण कोण फेकणारे?" मंदाकिनीबाईंनी करदोटा तुळशीपाशी पानावर ठेवला, हात धुतले आणि दयारामला फोन लावला. "दाईलाही आण," एवढंच सांगितलं.

दोघं आले तेव्हा ऊन उतरलं होतं. दयारामची म्हातारी आई बिसाहिन पायरीवर बसली. तिनं पानावरचा पैसा उचलून पदरानं पुसला, अंगठ्यानं चाचपला. "मैंच बांधे रहेंव," ती म्हणाली. मीच बांधला होता.

दयाराम भिंतीला टेकून खाली बसला. "तो दाई, अब तो मानती हो ना? मग रोज संध्याकाळी येतं कोण?"

म्हातारीनं बोट वर केलं. चूप.

मंदाकिनीबाई तुळशीशी दिवा लावत होत्या. वारा नव्हता, तरी इंजिन काढलेल्या ड्रममधलं पाणी काठावर आपटलं. मग कुणीतरी दोरी ओढावी तसा लांबून आवाज आला. खोकला, थांबला, आणि एका लयीत चालू झाला. जवळ येत राहिला. पोत्यावर इंजिन सुटं होऊन पडलं होतं. यज्ञेश्वररावांनी त्याच्या सिलिंडरवर हात ठेवला आणि चटका बसावा तसा उचलला.

"क्या हुआ, काकी?" दयाराम विचारत होता. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

मंदाकिनीबाईंच्या ओठांवर नाम होतं, ते थांबलं नाही. पण काडी जळत येऊन बोट भाजलं ते त्यांना कळलं नाही. आवाज दाराबाहेर घोटाळला. मग बंद पडला.

"ओला रद्दा नइ मिलत हे, बेटी," बिसाहिन मंदाकिनीबाईंना म्हणाली. त्याला रस्ता सापडत नाहीये. एका हातानं ती दुसऱ्या हातातल्या चुड्या धरून बसली होती. "मीच जाऊ दिलं नाही." मग दयारामकडे वळली. "कर दे बेटा. काली च कर दे." उद्याच करून टाक त्याचं क्रियाकर्म.

"काकाजी, मशीन राहू द्या मग," दयाराम रडत रडत म्हणाला.

यज्ञेश्वरराव पान्यांवरचं ऑइल पुसत होते. त्यांनी नुसती मान हलवली.

उद्याच करायचं म्हणजे सामान सकाळीच हवं. दयारामला त्यातलं काही माहीत नव्हतं. उजाडताच मंदाकिनीबाईंना गोलबाजारात जायचं होतं, तीळ, जव आणि कोरं धोतर आणायला.