हात लावू नये

चार वर्षं झाली. आमच्या घरातल्या एका बटणाबद्दल मी अजून कोणाशीही बोललेले नाही. मैत्रिणीशी नाही, डायरीशीसुद्धा नाही. डायरी मी इंग्रजीत लिहिते, शाळा तशी होती. आईबाबा घरात मराठी बोलायचे आणि मी हिंदीत उत्तर द्यायचे. हे मात्र मराठीत लिहितेय — का, ते नीट सांगता येणार नाही.

आधी बाबांबद्दल सांगते. ते रेल्वेत सिग्नल मेंटेनर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी चौबे कॉलोनीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत लोखंडी रॅक उभा केला, प्रत्येक फळीखाली पांढऱ्या ट्यूब लावल्या आणि ऑर्किडची रोपं वाढवायला घेतली. रायपूरमध्ये! शेजारचे काका हसायचे, "भैया, इधर तो मई में धनिया नहीं टिकता." बाबा म्हणायचे, "धनियाले मी कुठं वाढवून राहिलो?"

रोपं काचेच्या बाटल्यांतून यायची. आत जेलीसारखा थर आणि त्यात रुजलेली नखाएवढी पानं. बाबा बाटली जुन्या टॉवेलात गुंडाळून हलकेच फोडायचे, मुळांना चिकटलेली जेली कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुवायचे आणि एकेक रोप ओल्या शेवाळात बसवायचे. मग झाकणाच्या पारदर्शक ट्रेमध्ये, लाइटखाली. चाळीसेक रोपं होती. त्यांना ते पोट्ट्या म्हणायचे, म्हणजे पोरी. "पोट्ट्यांनी पाणी पेलं का?" — हे मला उद्देशून असायचं. बाहेरगावी गेले की फोनवरही पहिला प्रश्न तोच. माझ्याबद्दलचा दुसरा.

फुलायला चार वर्षं लागतात. "चौथ्या बुद्धपौर्णिमेले विहारात ठेवू," असं त्यांनी आईला सांगून ठेवलं होतं.

आईचं आणि त्या खोलीचं जमत नव्हतं. भर दिवसा लाइट जळतोय हे तिला बघवायचं नाही. येता-जाता हात आपोआप बोर्डाकडे जायचा, बटण बंद. दोनतीनदा असं झालं तेव्हा बाबा रागावले. "तुले किती डाव सांगतलं! त्यायचा दिवस हाच हाय." त्यानंतर ती त्या खोलीत जाईनाशी झाली. पण बोर्ड होता बाहेर, पॅसेजमध्ये. त्याच बोर्डावर पॅसेजच्या लाइटचं बटण आणि त्याला लागून रोपांच्या खोलीतल्या कूलरचं.

त्या मे महिन्यात मोठ्या काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. बाबा दोन दिवसांसाठी नागपूरला गेले. जाताना म्हणाले, "कूलर चालू राहू दे. बाकी काई नको करू."

बाकी काही नको करू. एवढंच होतं ना?

दुपारी माझा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. मला लोकांसमोर बोलता येत नाही. वर्गात हजेरीला 'येस मॅम' म्हणतानाही माझा आवाज फुटायचा नाही. मागच्या खोलीत रस्त्याचा आवाज येत नव्हता आणि ट्यूबचा उजेड चेहऱ्यावर छान पडायचा, म्हणून मी लॅपटॉप घेऊन तिथे बसले. फक्त कूलर घरघरत होता. मी उठले, पॅसेजमध्ये जाऊन तो बंद केला, आत येऊन दार लावलं. अर्ध्या तासाचा तर प्रश्न होता.

त्या दिवशी मी बोलले — अडखळत, पण बोलले. तासाभरात निवड झाल्याचा फोन आला. आई पुढच्या खोलीत दुसऱ्या कूलरसमोर झोपली होती, तिला उठवून सांगितलं. मैत्रीण स्कूटी घेऊन आली आणि आम्ही तेलीबांधाला तलावाकाठी गेलो. संध्याकाळी परतले ती हवेत तरंगतच. मागच्या खोलीचं दार बंद होतं. ते मी उघडलं नाही.

विसरले. हे कोणाच्याही हातून होऊ शकतं. एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठवलं. दार उघडलं तर आतून वाफ अंगावर आली. ट्यूब टायमरप्रमाणे लागलेल्या होत्या, ट्रेची झाकणं आतून घामेजलेली. काही पानं उकडून काचेसारखी झाली होती, पलीकडचं दिसावं अशी. पण सगळी नाही. मागच्या रांगेतली अजून हिरवी होती. मी वळले. पॅसेजमध्ये, बोर्डाच्या अगदी खाली, आई तांदूळ निवडत बसली होती.

"काय पाहून राहिली वो?"

"कुछ नहीं, मम्मी."

मी दार लावून घेतलं. बटण दाबलं असतं तर तिला कळलं असतं, की काल ते बंद कोणी केलं. म्हणून दाबलं नाही. मी माझ्या खोलीत जाऊन बसले आणि ऊन चढत गेलं. किती वाचली असती? दहा? पंधरा? मला माहीत नाही, कारण मी परत पाहायला गेलेच नाही.

संध्याकाळी बाबा आले. माझ्यासाठी संत्रा बर्फीचा डबा आणला होता. चपला काढून थेट मागे गेले. एकेका ट्रेचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले आणि बोर्डासमोर उभे राहिले. सिग्नलवाल्याचं घर ते, बिघाड आपोआप होतो यावर त्यांचा विश्वास नव्हता.

"कूलर कोनं बंद केला?"

आई म्हणाली, "मी काहून करीन जी? मी तं आत गेलीच नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू?"

"नहीं," मी म्हणाले. आणि मग — हे आहे ते, याच्यासाठीच एवढं फिरत आले — मग, कोणी विचारलेलं नसताना, मी म्हणाले, "मम्मी ने किया होगा शायद. लाइट समझ के."

'शायद' हा शब्द मी मुद्दाम घातला होता. तेवढी हुशारी त्या क्षणी सुचली.

आईने माझ्याकडे पाहिलं, मग बोर्डाकडे, मग स्वतःच्या हाताकडे. "पॅसेजचा लाइट तं बंद केला होता मी राती," ती हळूच म्हणाली. "गेला असन हात."

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पांढरी चिकटपट्टी आणली, तिच्यावर काळ्या पेनने लिहिलं, 'हात लावू नये', आणि बोर्डाच्या वर चिकटवली. रेल्वेत काम चालू असताना पाटी लावतात तशी. घरात माणसं तीन. पाटी कोणासाठी होती हे तिघांनाही माहीत होतं.

एक रोप वाचलं, मागच्या रांगेतलं. नवी बाटली बाबांनी पुन्हा कधी आणली नाही. दीड वर्षाने ते गेले, सकाळी चहा पिता पिता. सांगायला माझ्याकडे ते दीड वर्ष होतं. आणि आईला सांगायला तर आजही आहे.

आई त्या बोर्डाला हात लावत नाही. मी ऑफिसातून येते तेव्हा पॅसेजमध्ये अंधार असतो आणि ती अंधारातच बसलेली असते. "आली का? लाइट लाव वो." पट्टी पिवळी पडली आहे, एक कोपरा सुटलाय. मी काढू म्हटलं तर म्हणाली, "राहू दे. त्यायचं अक्षर हाय."

कधी वाटतं, तिला त्या सकाळीच कळलं होतं आणि तिने ते स्वतःवर घेतलं. पण तसं मानणं माझ्या सोयीचं आहे. म्हणून मी ते मानत नाही.

बाबा गेल्यावर त्या एका रोपाला रोज पाणी फवारलं तिने. लाइट आणि कूलर मी बघायचे. या वर्षी त्याला दांडी आली, मग कळ्या, आणि वैशाखात तीन पांढरी फुलं. बुद्धपौर्णिमेला आम्ही ते विहारात नेलं. कुंडी माझ्या हातात होती. घरातून निघताना आई बाबांच्या फोटोसमोर थांबली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "एकच वाचली जी. बाकीच्या माझ्या हातानं गेल्या. माफ करा."

मी तिच्या शेजारीच उभी होते. कुंडी जड नव्हती. तोंड मोकळं होतं.

विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हटलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तेही मी म्हटलं, एकही शब्द न गाळता, आईच्या आवाजात आवाज मिसळून.